कच्ची चारोळी

धडगावच्या बाजारात चारोळी घेणारे आम्ही दोघेच, दुकानंही समोरासमोर. डोंगरातले लोक चारोळी आणत आणि बदल्यात मीठ नेत. मी नाही घेतली तर समोरचा घेईल, या धास्तीने मी हिरवीगार कच्ची चारोळीसुद्धा घेत असे. मग लोकही दुसऱ्याने तोडण्याआधी आपण म्हणून फांद्याच छाटून आणत. उतारावरची झाडं बोडकी झाली, तेव्हा तिथल्या गावपुजाऱ्याने आम्हा दोघांना देवासमोर शपथ घ्यायला लावली. नव्या फळाची पूजा होईपर्यंत खरेदी बंद.

शपथ मी पाळणार होतो, पण त्या लबाडावर माझा काडीचा विश्वास नव्हता. पुढच्याच बाजाराला एक बाई हिरव्या चारोळीची टोपली घेऊन आली. मी नको म्हटल्यावर ती सरळ त्याच्या ओट्यावर गेली. त्याने एक फळ दाताखाली धरलं, थुंकलं आणि टोपली परत केली.

"कच्ची शे. पिकू दे, मंग लई ये."

माझा जीव भांड्यात पडला. बाई परत माझ्या दुकानावरून गेली, तेव्हा मी तिला हाक मारतो की काय, हे तो मान उंचावून बघत होता. मी मारली नाही. त्याने उपरण्याने घाम पुसला. इतकी वर्षं कच्ची चारोळी तोही माझ्याच भीतीने घेत होता.