उरलेला स्क्रू

ड्रॉवर आवरताना स्टीलच्या वाटीत तो बारका स्क्रू दिसला आणि प्लेनो या आमच्या अमेरिकेतल्या गावातली २००४ सालची एक दुपार आठवली. सासूबाई दुसऱ्या दिवशी नागपूरला परतणार होत्या. हिवाळाभर त्यांनी टीव्हीवरचं बर्फावरचं स्केटिंग रेकॉर्ड केलं होतं आणि रेकॉर्डर गच्च भरला होता.

"आई, जुनं डिलीट करू या," माझा नवरा संजय म्हणाला.

"मग पुढच्या खेपेला मी काय बघू?"

म्हणून साधा फ्यूज न बदललेल्या माणसानं मोठी हार्ड डिस्क बसवायला मशीन उघडलं. कार्पेटवर झाकण, वाटीत स्क्रू, तापलेल्या धुळीचा वास. जुन्या डिस्कवरचं नव्या डिस्कवर उतरता उतरेना. सासूबाई बॅग भरायची सोडून सारख्या येऊन विचारत, "गेलं का रे सगळं?"

"नवीनच मशीन आणायचं ना!" मी वैतागले.

"त्यात आईचं स्केटिंग कुठून येणार?"

संध्याकाळी स्क्रीन उजळली. एक मुलगी बर्फावर गिरकी घेत होती. सासूबाईंनी उभ्यानंच टाळ्या वाजवल्या. स्क्रू एक उरला, पण मशीन चाललं.

एवढा खटाटोप करण्यासारखा होता का, कोण जाणे. सासूबाई पुन्हा आल्या नाहीत. डिस्कवर जागा मात्र अजून पुष्कळ आहे.