शालनबाईंची रुंद फळी

शालनबाई पहिल्या दिवसापासून माझ्या डोक्यात गेल्या.

धायरीत त्यांची पत्र्याची शेड आहे. धरणावरच्या एका बोट क्लबात वीस वर्षं सामान सांभाळलं, आता विंडसर्फिंगचे बोर्ड, म्हणजे शिडाच्या फळ्या, दुरुस्त करतात आणि विकतात. विकतात म्हणजे, मनात आलं तर. दारावर पाटी: 'वजन खोटं सांगणाऱ्यांनी पोहण्याची तयारी ठेवावी.'

घटस्फोटानंतर माझी मुलगी स्वराली तिच्या आईकडे विश्रांतवाडीला राहते. माझ्या वाट्याला फक्त रविवार. चौदा वर्षांची पोर, मॉलमध्ये माझ्यासमोर मोबाईल बघत बसायची. हेही येणं बंद होईल अशी मला धास्ती होती. एकदा आपणहून म्हणाली, "बाबा, मला विंडसर्फिंग शिकायचंय." दुसऱ्याच दिवशी मी एकटा शेडवर गेलो आणि कोपऱ्यातली लाल, निमुळती फळी मागितली.

"कुणासाठी?"

"मुलीसाठी."

"वजन किती तिचं?"

"असेल पन्नास."

"असेल? पोहता येतं?"

"पट्टीची पोहणारी आहे."

"शेवटचं कधी पाहिलंत?"

ती सहा वर्षांची असताना. पण या बाईला कशाला सांगू? त्यांनी एक जाडजूड, पिवळट फळी पुढे ओढली. "ही न्या. आपल्याकडचा वारा डोंगरावरून येतो. एक झोत देतो आणि मरतो. वारा मेला की अरुंद फळी कलंडते. हिच्यावर नवखी पोर उभी तरी राहील."

"ही फळी आहे की दार? मला लालच द्या."

"लाल मिळणार नाही. या आपण."

या आपण म्हणे! गिऱ्हाईक होतो हो मी. चडफडत बाहेर पडलो आणि तसलीच लाल फळी मुंबईहून मागवली.

रविवारी धरणावर स्वराली त्या फळीवरून दोन तास नुसती पाण्यात पडत होती. अंगात लाइफ जॅकेट होतं म्हणून बरं. मी काठावरून ओरडत होतो, "शीड उचल, पाय फाकव!" मला त्यातलं काय कळत होतं, कपाळ! ओठ निळे पडून ती बाहेर आली. "पुढच्या रविवारी मी येणार नाही," एवढंच म्हणाली.

नाक मुठीत धरून तिला थेट शेडवर नेलं. बाईंनी माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"वजन किती गं तुझं?"

"बेचाळीस."

"पोहता येतं?"

"थोडंसं. आता भीती वाटते पाण्याची."

"मग हे कशाला काढलंस?"

स्वराली खाली बघत म्हणाली, "लहानपणी बाबा मला पोहायला शिकवायचे. पाण्यात असले की ते फोन बघायचे नाहीत."

बाईंनी ती पिवळट फळी एका टोकाला उचलली आणि दुसरं टोक माझ्यापुढे केलं. "धरा," म्हणाल्या. मी हातातला फोन खिशात टाकला आणि धरलं. बाई मला अजूनही आवडत नाहीत.