हात दाखवा, आत्या थांबवा

हिंगोली जिल्ह्यातली माणसं रस्त्यांनी जोडलेली नाहीत, माझ्या आत्यानं जोडलेली आहेत. हे मी जबाबदारीनं लिहिते. खड्ड्यांविरुद्ध मी इतकी पत्रकं काढलीत की कुठला रस्ता कुणाला जोडतो आणि कुणाचं हाड मोडतो, हे मला पाठ आहे. आत्या शिरड शहापूरची, निवृत्त नर्सबाई. तिच्याकडं एक जुनी पांढरी कार आहे आणि तिच्यात एखादी सीट रिकामी राहिली की आत्याला पाहुण्यांकडं रिकाम्या हातानं गेल्यासारखं वाटतं. वाटेत कुणी हात दाखवला की ती थांबते. नाही दाखवला तरी थांबते, "बिचाऱ्याचा हात दुखत असंल." एकदा झाडाखाली एक गृहस्थ नुसते आळस देत उभे होते, त्यांना तिनं गाडीत घातलं आणि ते संकोचापोटी थेट औंढ्यापर्यंत आले. एक नवरदेव आणि एक बोकड तिच्या मागच्या सीटवर शेजारी शेजारी बसून गेलेले मी डोळ्यांनी पाहिलेत. दोघांचे चेहरे सारखेच होते.

आता दोष सांगायचा तर तोही सांगते, मी कुणाची भीड ठेवत नाही. मागं बसलेल्याशी पाठ करून बोलणं हा आत्याच्या मते उद्धटपणा. त्यामुळं ती गाडी चालवता चालवता मागं वळून लेकराबाळांची चौकशी करते. यावरूनच तिच्या मुलानं, म्हणजे आमच्या दादानं, एक दिवस हात पुढं केला. "आई, किल्ली दे. तुझी नजर रस्त्यावर नसतीच." खरं तर माझी सगळी पत्रकं दादाच्याच बाजूची. पण किल्ली मागायची ती त्याची तऱ्हा! जसं काही लेकराच्या हातातून कात्री काढून घेऊन राहिला. माझं टाळकं सरकलं.

त्याच सुमारास वारंगा फाट्याजवळच्या कापसाच्या एका बंद जिनिंगच्या आवारात पुण्याचे एक सर वेगानं गाडी चालवायची दोन दिवसांची शाळा भरवणार होते. केशरी शंकू मांडायचे, त्यांच्यामधून सापासारखी गाडी काढायची, शंकू पाडायचा नाही आणि वेळ कमीत कमी लावायचा. शर्यत म्हणे! इथं रुग्णवाहिकेला धड रस्ता नाही आणि यांच्या शर्यती! मी तडक निषेधाची पत्रकं घेऊन गेले. सरांनी एक घेतलं, शेवटपर्यंत वाचलं, "अगदी बरोबर आहे," म्हणाले आणि त्यांचं पत्रक माझ्या हातात दिलं. समोरच्यानं "बरोबर आहे" म्हणण्यासारखी आंदोलनाची दुसरी फजिती नाही. ते पत्रक आत्यानं वाचलं आणि दादाला सांगितलं, "तो मास्तर म्हणला की ही बाई न्हाई चालवू शकत, तर किल्ली तुझी. व्हय म्हणला, तर पुन्हा तोंडातून काढायचं न्हाई."

"बराबर," दादा म्हणाला. तो जिंकल्यासारखाच हसला.

शाळेत सगळी पोरं विशीतली, गॉगलवाली. त्यांच्यात आत्या, सुती साडी आणि अंबाड्यावर न बसणारं हेल्मेट. "डोक्यावर पातेलं घालून गाडी काहून चालवायची बाप्पा?" सरांनी पहिलाच धडा दिला : नजर जिथं, गाडी तिथं. शंकूकडं बघायचं नाही, जिथं पोचायचंय तिथं बघायचं. पोरं सूं सूं करत जाऊन आली. आत्या निघाली. दुसऱ्या वळणावर झेंडेवाला माणूस उन्हात उभा होता, त्यानं रस्ता मोकळा असल्याची खूण म्हणून हात वर केला. आत्यानं करकचून ब्रेक मारला, दार उघडलं. "बसा भाऊ, उनात काहून उभे?" आणि तो बसला की! पुढच्या फेरीला त्याला हात खाली ठेवायला बजावलं, तर आत्या त्याच्याकडंच काळजीनं बघत राहिली, आणि नजर तिथं गाडी या नियमानं तीन शंकू आडवे करत त्याच्याकडं निघाली. मग उतरून तिनं ते शंकू उभे केले, पदरानं पुसले. "लागलं का रे?"

दादा कट्ट्यावरून ओरडला, "आई, किल्ली कोणत्या खिशात ठेवू?"

दुपारी आत्या डबा न उघडता गाडीतच बसून राहिली. मी जवळ गेले तर म्हणाली, "या गाडीबिगर मी नुसती पेन्शनवाली बाई हाय गं. मला कोन हात दाखवंल?" ती इतकी हळू बोललेली मी कधी ऐकली नव्हती.

मी उठले ते थेट सरांकडं. म्हटलं, "सर, तुमचा नियम तिला पक्का कळलाय. ती फक्त माणसांकडं बघते. तुम्ही माणूस चुकीच्या जागी उभा केलाय." सर हसले. झेंडेवाल्याला आडोशाला नेलं आणि शेवटच्या रेषेपलीकडं, टायरांच्या भिंतीमागं मला उभं केलं. मी पत्रकांची पिशवी खांद्याला लावली आणि फाट्यावर उभी राहते तसा हात वर केला.

आत्यानं मला पाहिलं. मग काय सांगू! ती गाडी डावी-उजवी अशी आली, जशी लग्नघरातली यजमानीण पंगतीतून वाढत येते, कुणाच्या ताटाला पदर न लावता. पोरांनी शिट्ट्या मारल्या. रेषेवर गाडी थांबली, काच खाली आली. "चल गं, कुठं सोडू?"

"वेळ काही खास नाही," सर दादाला म्हणाले, "पण एकही शंकू पडला नाही. चालवू द्या त्यांना. मात्र आत्या, मागं वळून बोलायचं नाही."

"मग बोलक्या माणसाला पुढं बसवीन," आत्या म्हणाली. घरी जाताना पुढच्या सीटवर झेंडेवाला होता. मागं सर, मी, आणि खिडकीला चेपून बसलेला दादा.

सध्या आत्याच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. डॉक्टरांनी गाडीला हात लावू दिलेला नाही. किल्ली मात्र तिच्याच उशाखाली आहे. मी फाट्यावर हात वर करून उभी असते आणि मोठमोठ्या गाड्या रिकाम्या सीटा घेऊन सुसाट निघून जातात. याविरुद्ध एक पत्रक काढायला बसले होते, पण मागणी कुणाकडं करायची तेच सुचेना. परवा शेजारी उभी असलेली म्हातारी म्हणाली, "तुझी आत्या कवा येऊन राहिली गं?"

"येईल आता," मी म्हटलं. मग आम्ही दोघींनी हात खाली घेतले आणि वळणाकडं बघत उभ्या राहिलो.