मोतिया रेशमावरचे टाके

आधीच सांगते – मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नव्हे. शाळेत पोरी "बाथरूमजवळ कोणीतरी असतं मॅडम" म्हणत आल्या, की मी त्यांनाच झाडू देऊन तिकडे पाठवते. रस्त्यात लिंबू-मिरची पडलेली असली तर बिनदिक्कत ओलांडते. इथे लोकांनी लिहिलेले अनुभव वाचतानाही पुष्कळदा वाटायचं, या लोकांची झोप पुरी होत नसावी. आता माझीच पाळी आली आहे. हसायचं तर खुशाल हसा... फक्त शेवटपर्यंत वाचा, आणि कोणाला काही सुचलं तर कळवा.

मी वसमतला एका शाळेत चित्रकला शिकवते. राहायला कुरुंद्यात. माझं लग्न गावातल्या गावातच झालं, आणि आम्हाला भाऊ नसल्यामुळे वडील गेल्यावर मी आणि माझे मिस्टर, सुभाष, आईच्याच घरी राहायला आलो. सुभाष हळदीची खरेदी-विक्री करतात. त्यामुळे घरात बारा महिने हळद – अंगणात हळद, कपड्यांना हळद, माझ्या ब्रशांनासुद्धा हळद.

माझी धाकटी बहीण वंदना. आम्ही तिला वंदीच म्हणायचो. तिला सेनगाव तालुक्यातल्या साखऱ्याला दिली होती. नवरा प्रकाश, कोरडवाहू शेती, एक मुलगी. घर वाईट नव्हतं, माणसंही वाईट नव्हती. तीन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात ती एकटीच माहेरी यायला निघाली. जवळा बाजारला गाडी बदलायची होती आणि त्या दिवशी तिथला आठवडी बाजार होता. आमच्या गल्लीतल्या एक काकू तिला बाजारात भेटल्या. वंदी बांगड्या भरून घेत होती. "आईकडंच येऊन राहिले काकू, तुमी व्हा पुढं," म्हणाली. काकू पुढे आल्या. वंदी आली नाही.

आजपर्यंत आली नाही.

पोलीस झाले, पोस्टर झाले, वाटेवरच्या विहिरी पाहून झाल्या. मोबाइल बंद तो बंदच. कोणी म्हणालं पळून गेली, कोणी त्याहून वाईट बोललं. जे बोलले त्यांच्याशी मी अजून बोलत नाही. आईने तर जेवणाच्या वेळी एक ताट जास्तीचं मांडायला सुरुवात केली, आणि ते उचलून ठेवायचं काम माझ्याकडे आलं. त्या दिवसांत मी घरात कोणाचं तोंड पाहत नव्हते. रडायलाही येत नव्हतं. हाताला काहीतरी काम हवं होतं म्हणून मी ते चित्र काढायला घेतलं.

वंदीची साखरपुड्याची साडी आईच्या पेटीत होती. मोतिया रंगाचं अस्सल रेशीम. सासरी उंदीर फार, म्हणून तिने ती इथेच ठेवलेली. मी ती मधोमध कापली. अर्धी घडी करून परत ठेवली आणि अर्धी फ्रेमवर ताणून बसवली. सुभाष म्हणाले, "चांगल्या साडीचं काहून वाटोळं करायली?" मग त्यावर हळदीचं पाणी, शेतातली काळी माती डिंकात कालवून, गोणपाटाचे धागे, थोडे ॲक्रिलिक... आमच्या भाषेत मिक्स्ड मीडिया. उजव्या बाजूला आमचं घर, अंगणात वाळत घातलेली हळद आणि बंद दार. डाव्या कोपऱ्यात जवळा बाजार – म्हणजे नुसते रंगांचे ठिपके, पालं असावीत तसे. आणि त्या कोपऱ्यापासून दारापर्यंत एक मातीची वाट. वाटेवर माणूस काढला नाही. काढायचा प्रयत्न केला, पण हात पुढे गेला नाही.

चित्र पूर्ण झालं, भिंतीवर टांगलं. काही आठवड्यांनी धूळ पुसताना दिसलं, वाटेच्या सुरुवातीला, बाजाराच्या कोपऱ्यालगत, टाके घातलेले आहेत. बारीक, एकापुढे एक, मोतिया रंगाचेच. नीट प्रकाशात पाहिल्याशिवाय दिसू नयेत असे. त्या चित्रात मी सुई वापरलीच नव्हती. गोणपाटाचे धागे चिकटवलेले होते.

पहिला संशय अर्थातच घरातल्यांवर. पण सुभाषला तुटलेलं बटण लावता येत नाही. आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. आणि खरं सांगू का, टाके पाहताक्षणी मला ओळखू आले होते. मीच ते कबूल करत नव्हते. आईने आम्हा दोघींना लहानपणी गोधडी शिवायला बसवलं होतं. वंदी डावखुरी. ती माझ्या उलट बाजूने शिवत यायची, त्यामुळे तिचा टाका माझ्या विरुद्ध अंगाला कलायचा. आई तिला रागवायची, पण तिचा हात काही बदलला नाही. चित्रातले टाके तसेच कललेले होते.

चार-आठ दिवसांनी पाहिलं, तर टाके थोडे पुढे सरकलेले. दोरा कुठून येतो तेही सापडलं. रेशमाची खालची कड उसवत चालली होती. जेवढे टाके पुढे, तेवढे कडेचे धागे कमी.

मी शहाणपणा केला. चित्र उचलून वसमतला रफीकचाचांकडे नेलं. ते शाळेच्या सगळ्या फ्रेम बनवतात. समोर काच आणि मागे प्लायवूड लावून घेतलं, त्यावर ब्राऊन पेपर चिकटवून सगळ्या कडा बंद करून घेतल्या. आता कोण सुई घालतं बघू, असं मी स्वतःशी म्हणालेसुद्धा. पुढच्या बाजाराच्या दिवसापर्यंत टाके वाटेच्या पहिल्या वळणाला आले. मी तशीच फ्रेम घेऊन चाचांकडे गेले. त्यांनी मागून उलटसुलट पाहिली, कडेवरून अंगठा फिरवला.

"मॅडम, कागद मेराच है. खोल्याच नहीं किसीने," म्हणाले. मग काचेतून आत पाहिलं आणि फ्रेम माझ्या हातात परत दिली. मी पैसे द्यायला लागले तर घेईनात.

घरी आल्यावर मी आईला सगळं सांगितलं. तिला दिसत नव्हतं म्हणून फ्रेम खोलली, तिचं बोट धरून टाक्यांवरून फिरवलं. ती बराच वेळ बोट फिरवत राहिली.

"वंदीच हाय," एवढंच म्हणाली.

तिथून आमच्या दोघींचं बिनसलं. कारण मी त्या टाक्यांचा एक अर्थ लावला आणि आईने अगदी उलटा.

"आई, ती जिती हाय," मी म्हणाले. "निघालेली हाय. अर्ध्या वाटंवर हाय."

"जितं माणूस गाडीत बसून येतं माय," आई म्हणाली. "असं कशाला येईल? ती अडकली. तिला घरी यायचंय अन् येता येऊन न्हाई राहिलं. तिला सोडवावं लागंल."

याच सुमारास प्रकाश आला. अंगणात बसून राहिला, चहा निवला तरी घेईना. मग म्हणाला, "ताई, म्या काय तिचं वाईट चिंततो का? पण लेकरू रोज इचारतंय, माय कुठं हाय. घरात दुसरी बाई आणा म्हणून बाबा मागं लागले. जिती का मेली तेच माहीत न्हाई तर कसं करावं? गुरुजी म्हणले, पळसाच्या पानाचा विधी करता येतो."

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी – माणूस हरवलं, देह सापडला नाही, तर पळसाच्या पानांचा पुतळा करतात. डोक्याच्या जागी नारळ ठेवतात, त्या माणसाचा कपडा गुंडाळतात आणि त्याला अग्नी देतात. पुढचे दिवसही रीतसर करतात. पण त्यासाठी बारा वर्षं वाट पाहायची असते. मी तेच म्हणाले. प्रकाश मान खाली घालून म्हणाला, "बारा वर्षं आता कोण थांबतंय ताई." त्याचंही खोटं नव्हतं. पोरगी सात वर्षांची.

विधी सांगणारे ते गुरुजी आमच्याकडेही येऊन गेले. त्यांनी आईला समजावलं की घरच्या सगळ्यांची खात्री असेल तर लवकर करता येतं. आणि जाता जाता एक गोष्ट सांगितली – विधी झाल्यावर ते माणूस जिवंत परत आलं, तर त्याला सरळ घरात घेत नाहीत. ते मेलेलंच धरायचं. त्याचा नव्याने जन्म झाला असं मानून न्हाऊ-माखू घालायचं, बारसं करायचं, नाव ठेवायचं, मग उंबऱ्याच्या आत. "तशी वेळ येत नाही म्हणा," असं म्हणून ते उठले.

मी भांडले. रडले. चित्र सगळ्यांसमोर आणून ठेवलं. प्रकाशने पाहिलं आणि हळूच म्हणाला, "ताई, तुमी कलाकार माणूस, तुमीच घातले असतील, ध्येनात न्हाई राहिलं." मला त्याचा राग आला नाही, त्याची कीवच आली. शेवटी आईने पेटी उघडली आणि उरलेली अर्धी साडी स्वतःच्या हाताने त्याच्या पिशवीत घातली. आईच तयार म्हटल्यावर माझं कोण ऐकणार.

विधी साखऱ्याला होता. पुरुष गेले, सुभाषही गेले. आम्ही दोघी घरी. टाके तोपर्यंत अंगणाच्या कडेला येऊन पोचले होते. मी सकाळपासून चित्र समोर घेऊन बसले. काय अपेक्षा होती माहीत नाही. बाहेर लख्ख ऊन, शेजारी कुकरच्या शिट्ट्या, रस्त्यावर भाजीवाल्याचा भोंगा... सगळं रोजचं. मला काहीही हलताना दिसलं नाही, हे मी शपथेवर सांगते. दुपारी आईने पाणी मागितलं. मी आत जाऊन तांब्या भरून आणला, तिला दिला आणि परत चित्रापाशी आले.

टाके अंगण ओलांडून दारापर्यंत आलेले होते. इतके दिवस बारीक, एकसारखे येणारे ते टाके अंगणात लांब-लांब पडले होते. घाईत घातलेले, वेडेवाकडे. आणि दारापाशी... दारापाशी त्यांचा पुंजका झाला होता. एकावर एक, एकावर एक, पुन्हा पुन्हा त्याच जागी. रेशीम तिथे गोळा होऊन सुरकुतलं होतं. दाराच्या आत एकही टाका नव्हता.

सुभाष अंधार पडायच्या आत परतले. अंघोळ करून बसले. म्हणाले, "साडी लवकर पेटंना. मग पेटली तर केस जळल्यासारखा वास." रेशीम जळताना तसाच वास येतो. हे मी दरवर्षी पोरींना शिकवते, खरं रेशीम ओळखायची खूण म्हणून. तरी ते ऐकून मी बाहेर जाऊन ओकले.

त्या दिवसानंतर एकही नवा टाका आलेला नाही. कडही उसवली नाही. आईला मी पुंजक्यावर बोट ठेवू दिलं, तेव्हा मला वाटलं ती म्हणेल, सुटली बिचारी. ती म्हणाली, "लई वेळ उभी व्हती गं." आणि जी बसली ती दोन दिवस जेवली नाही. आता ती सोडवण्याची भाषा करत नाही. जास्तीचं ताटही मांडत नाही.

मी एकदा रंग कालवले. म्हटलं, चित्र माझं आहे, दार उघडं करून टाकते. ब्रश टेकवणार तेवढ्यात आईने मनगट धरलं.

"नको. जिती असंल तर आपून तिला जाळलंय. अन् मेली असंल तर दार उघडून आत कोणाला घेशील?"

मी ब्रश धुऊन ठेवला.

लोकांना विचारून पाहिलं. एका ओळखीच्या प्राध्यापकांनी सांगितलं, रेशमाला ताण बसला की धागे सरकतात. सरकत असतील. पण सरकून वळणं घेतात का, अंगण ओलांडतात का, आणि बरोबर दारात थांबतात का, यावर ते हसले. प्रकाशचं दुसरं लग्न झालं, मुलगी बरी आहे, नवी बाई तिला जीव लावते. त्याला मी दोष देत नाही. जिवंत वंदी कुठे सापडली नाही, मेलेलीही सापडली नाही. पोलिसांत तक्रार अजून उघडी आहे. माझ्याकडे कसलंही स्पष्टीकरण नाही, आणि आता मला स्पष्टीकरण नकोच आहे. मला फक्त माझी बहीण घरात हवी आहे, जशी असेल तशी.

म्हणून गेल्या महिन्यात आईला न सांगता मी गुरुजींकडे गेले. म्हटलं, तुम्ही सांगितलेला तो परत जन्माचा विधी – न्हाऊ घालणं, बारसं, नाव ठेवणं – तो आपण वंदीसाठी करू या. खर्च माझा. लोकांना कळायचीही गरज नाही.

त्यांनी मला बसायला सांगितलं. मग समजुतीच्या आवाजात म्हणाले, "बाई, तो असा करता येत नाही. त्यासाठी आधी ते माणूस दारात येऊन उभं राहावं लागतं."

मी मान हलवली आणि घरी आले.