नापास भिंत

दशरथ कुदळे यांनी खडकीच्या कारखान्यात चौतीस वर्षं एकच काम केलं, दुसऱ्याच्या कामातली खोट काढणं. तपासनीस होते ते. निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी खोड गेली नव्हती. लग्नाला गेले की अक्षता पडायच्या आधी मांडवाचा खांब हलवून बघत. आपल्या या गुणाची त्यांना पूर्ण कल्पना होती. "खरं तर पेन्शन कौशल्येला मिळायला हवी," असं ते स्वतःच चारचौघांत सांगत आणि त्यांच्या पत्नी कौशल्याबाई मान डोलावत.

आठ दिवसांपूर्वी त्यांच्या धायरीच्या फ्लॅटच्या वरच्या मजल्यावर पाइप फुटला. आतल्या खोलीतला छताचा गिलावा धाडकन पलंगावर आला, भिंतीवरून पाणी वाहिलं. ही खोली लेकीची, अपेक्षाची. ती पुढच्या महिन्यात पहिल्या बाळंतपणाला येणार होती. त्याआधी छत आणि भिंत दोन्ही व्हायला हवं होतं आणि सगळी भिस्त घराच्या विम्यावर होती. क्लेम मंजूर झाला की दुसऱ्या दिवशी हजर होतो, असं बजरंग मिस्त्रीनं कबूल केलं होतं.

विमा कंपनीची सर्व्हेअर खराडीहून दोन तास ट्रॅफिक खात आली. शेफाली तिचं नाव. दारातूनच तिनं मोबाइलवर चार फोटो काढले.

"डन, काका. पाइप फुटला, छत गेलं, भिंत गेली. सगळं एकाच कारणात टाकते."

दुसरा कुणी असता तर त्यानं मुलीला चहा पाजून हसतमुखानं लिफ्टपर्यंत सोडलं असतं. दशरथरावांचा मात्र जीव खालीवर व्हायला लागला.

"झाली तपासणी? भिंतीला हात न लावता?"

"गरज नाही, काका."

"गरज कशी नाही? इकडे या." त्यांनी खिशातून रुपया काढला आणि भिंतीवर ठोकत गेले. "ऐका. इथे भरीव. इथे पोकळ. आठ दिवसांत गिलावा असा सुटत नाही. ही ओल जुनी आहे, बाहेरून येतेय. छताचा आणि हिचा काही संबंध नाही."

शेफालीनं मोबाइल खाली घेतला. "काका, जुनी ओल क्लेममध्ये बसत नाही. हे तुम्ही मला का सांगताय?"

का, हे दशरथरावांनाही कळेना. तोंड मात्र चालूच होतं. "नोंद व्हायलाच हवी. तपासणी म्हणजे तपासणी."

"किती जुनी लिहू?"

"दोन वर्षं," ते ठणकावून म्हणाले आणि मागे वळले. दारात कौशल्याबाई चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या.

दोन वर्षं त्या सांगत होत्या, या खोलीत कुबट वास येतो. दशरथरावांनी उंबऱ्यावरूनच चष्मा सावरून भिंत कोरडी ठरवली होती. एवढ्यावर थांबतील तर ते कुदळे कसले! बायकोला नाकाच्या डॉक्टरकडे नेलं होतं. सहा महिने ती मुकाट्यानं नाकात थेंब घालत होती. जन्मभर जगाचा माल नापास केला आणि हात न लावता पास केली ती नेमकी स्वतःच्या घरची भिंत.

शेफालीनं भिंत क्लेममधून वगळली, कागदावर त्यांची सही घेतली आणि गेली. कौशल्याबाईंनी कप उचलले.

"मला वाटत होतं, माझं नाकच गेलं," त्या म्हणाल्या. "नातवंडाच्या टाळूचा वास तरी येईल का मला, याची काळजी करत होते मी." आणि आत निघून गेल्या.

दशरथरावांना इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. त्यांनी अपेक्षाला फोन लावला.

"छत होईल, भिंत वेळेत व्हायची नाही. तू आमच्या खोलीत राहा, आम्ही हॉलमध्ये झोपू. आणि ऐक, आई दोन वर्षं सांगत होती. मी ऐकलं नाही. उलट तिलाच डॉक्टरकडे नेलं. चूक माझी आहे."



"बाबा, हे आईला सांगितलंत?"

"तिनं ऐकलं ना सगळं. दारातच होती."

"ती ऐकत होती हो. तुम्ही तिला सांगितलंत का?"

"नाही."

"मग मला कशाला फोन केलात? ठेवा तो, आणि स्वयंपाकघरात जा."