लाल रेघेखालची ओळ

विद्यालयात त्यांना सगळे ‘मागचं-पुढचं सर’ म्हणायचे. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण भिंतींनाही ठाऊक होतं. चर्चचे पाळक व्हायला आलेल्यांना ते पवित्र शास्त्राचा अर्थ कसा लावायचा ते शिकवत, आणि अठरा वर्षं त्यांचा एकच हेका होता. “वचन एकटं उचलायचं नाही. मागचं वाचा, पुढचं वाचा, कोण कुणाला कधी बोलतंय ते बघा, मग तोंड उघडा.” माणूस कामात चोख. खडूचे तुकडेसुद्धा उंचीप्रमाणे लावून ठेवणारा.

दर वर्षी पहिल्या तासाला त्यांची एक गोष्ट ठरलेली असे. एक होता उतावळा उपदेशक. धड शिक्षण नाही, अनुभव नाही, उत्साह मात्र उतू चाललेला. त्याच्याकडे शिवणकाम करणारी एक बाई आली. डोळ्यांच्या कडेने दिसेनासं झालंय, डॉक्टर ऑपरेशन करा म्हणतात, काय करू? याने शास्त्र उघडलं. लोक समुद्राकाठी अडकलेत, मागून सैन्य येतंय आणि त्यांचा पुढारी सांगतोय, गप्प उभे राहा, तुमच्यासाठी देव लढेल. झालं! “बाई, स्वस्थ राहा, ऑपरेशन नको!” इथे सर डोळे मिटून, हात उंच करून असा काही आवाज काढायचे की वर्ग खो-खो हसायचा. मग ते पुढचीच ओळ सांगत. तिथे देव त्या पुढाऱ्यालाच विचारतोय, माझ्या नावाने ओरडत काय बसलास, लोकांना चालायला सांग! “एक ओळ हो! फक्त एक ओळ आधी थांबला शहाणा!” पुन्हा हशा.

यंदाही हशा झाला. तो ओसरल्यावर मागच्या बाकावरून एक हात वर आला. हात वर करणारी आधी दवाखान्यात नर्स होती, वर्गातली सगळ्यांत मोठी विद्यार्थिनी.

“सर, त्या बाईंचं पुढे काय झालं?”

अठरा वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. सरांच्या हातातला खडू मोडला. “तो आपला विषय नाही,” ते म्हणाले आणि फळ्याकडे वळले.

विषय नाही म्हणे! पुढचं वाचा, पुढचं वाचा म्हणून घसा कोरडा करणाऱ्या माणसाचं हे उत्तर. पण त्या बिचाऱ्याला तरी दुसरं काय सुचणार? तो उतावळा उपदेशक म्हणजे ते स्वतःच होते. आणि त्या बाईंचं पुढे काय झालं, हे त्यांना खरंच माहीत नव्हतं.

त्या दिवसापासून सरांचं चित्त थाऱ्यावर राहिना. तासाला गेले तर चष्मा घरी, घरी आले तर छत्री वर्गात. जेवताना तीनदा उठले. एकदा पाणी आणायला, एकदा दार लावायला, आणि तिसऱ्यांदा कशाला ते त्यांनाही आठवेना.

“अहो, बसा ना एका जागी! काय बिनसलंय?” बायको म्हणाली.

“ती डोळ्यांची गोष्ट आहे ना... तो उपदेशक मीच होतो.”

“ते मला लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळलं. दुसऱ्याची फजिती सांगताना कुणाचे कान लाल होत नाहीत.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्हीच कधीतरी बोलाल, असं वाटलं होतं.” तिने ताट उचललं. “जाऊन या एकदा त्या बाईंकडे. घरात नुसत्या येरझाऱ्या घालून काय होणार आहे?”

सरांनी कपाटातून जुनं जाडजूड पुस्तक काढलं. त्यात खूण म्हणून एक पोस्टकार्ड होतं. वीस वर्षांपूर्वी ते स्वतः शिकत असताना त्यांच्या गुरुजींनी ती पुढची ओळ वर्गात वाचली, तेव्हा यांना दरदरून घाम फुटला होता. त्याच संध्याकाळी त्यांनी कार्ड आणलं. त्या शिवणकामवाल्या बाईंना ‘आदरणीय मावशी,’ एवढं लिहिलं. मग परीक्षा आली, मग नोकरी, मग लाज वाटायला लागली. आणि लाजेची गोष्ट हसून सांगितली की हलकी होते, हे एकदा कळल्यावर कार्डाची गरजच उरली नाही.

शनिवारी ते बसने निघाले. प्रत्येक थांब्याला उठून उभे राहायचे. “साहेब, बसा हो,” कंडक्टर वैतागला, “तुमचा थांबा आला की मी सांगतो. बस काय तुम्हाला पळवून नेतेय?”

मावशींचं शिवणाचं दुकान तिथेच होतं, एका खोलीचं. मशीनवर मावशींची भाची बसली होती. मावशी खाली चटईवर बसून बटणं बोटांनी चाचपून वेगवेगळ्या डब्यांत टाकत होत्या. डोळे उघडे होते, पण ते दाराकडे वळले नाहीत. सरांचे पाय उंबऱ्यातच अडकले.

“मावशी...”

“अगंबाई, पाळकसाहेब!” मावशींनी आवाज ओळखला. “ये गं, खुर्ची दे त्यांना! मी हिला सांगायचे ना, ते येतील म्हणून? बघा, तुम्ही सांगितलंत तशी मी स्वस्थ राहिले. डॉक्टरांनी दोनदा निरोप धाडला. सगळे ओरडले, पण मी मेली हलले नाही!” त्यांच्या आवाजात चक्क अभिमान होता. “आता येईल हो नजर. आपण घाई करायची नाही.”

सरांना वाटलं, तोंड फिरवून पळावं. बाईच्या हातात एवढंच तर उरलंय, ते कशाला काढून घ्यायचं? चांगलं दोन घोट पाणी पिऊन, प्रार्थना करून परतावं. कुणाला कळणार होतं?

तेवढ्यात मावशींनी शेजारी ठेवलेलं शास्त्र पुढे केलं. “तेवढं वचन वाचा ना. तुम्ही लाल पेन्सिलीने रेघ मारून दिली होतीत. अक्षर पुसट व्हायला लागलं तरी ती रेघ दिसायची मला. तेवढीच ओळ वाचत राहिले.”

पान आपोआप उघडलं, इतकं ते हाताळलेलं होतं. सरांनी रेघेची ओळ वाचली. या वेळी ते तिथे थांबले नाहीत. पुढची ओळही वाचली.

मावशींची मान वर झाली. “हे काय? चालायला सांग म्हणून? हे तेव्हा नव्हतं?”

“होतं.”

“मग?”

“मी वाचलं नव्हतं, मावशी. तुम्ही ऑपरेशन करायला हवं होतं. मी चुकीचं सांगितलं.”

भाचीचं मशीन थांबलं. मावशी हळूच म्हणाल्या, “असू दे. तुम्ही पोरसवदाच होता तेव्हा. तुम्हाला तरी हे कधी कळलं?”

सरांना खोटं बोलता आलं असतं.

“वीस वर्षं झाली.”

बटण मावशींच्या बोटांत तसंच राहिलं.

“वीस वर्षांपूर्वी,” त्या म्हणाल्या, “मला सुई ओवता येत होती.”