जशी दिली तशी, दारांसकट

आमच्या टेकडीवर लावलेलं झाड जगलं की नाही हे कळायला दोन उन्हाळे जावे लागतात. किस्सा मात्र त्याच रविवारी रुजतो! त्याला ना खड्डा लागतो, ना पाणी. वारज्यामागच्या टेकडीवर आम्ही चौघं झाडं जगवायला जातो. किती जगली यावर आमच्यात वाद आहेत. पण कुणी "काय चाललंय टेकडीवर?" असं विचारलं, की आम्ही झाडांबद्दल बोलतच नाही. थेट गाडीपासून सुरू करतो.

गाडी ही माझी कल्पना. मी कॅनडात माती आणि झाडं यांचं शिक्षण घेतलं. तिथं विद्यापीठाच्या शेतावर एक साइड-बाय-साइड होती. म्हणजे दोन माणसं शेजारी शेजारी बसतील एवढी बुटकी गाडी. जाड टायर, वर लोखंडी पिंजरा, मागे सामानासाठी प्लास्टिकचा हौदा. दारं कापडाची, त्यांना प्लास्टिकची खिडकी आणि भलीमोठी झिप. चिखल, दगड, उतार, कुठंही चढते. पुण्यातल्या प्रत्येक टेकडीला अशी एक गाडी मिळाली तर एकही रोप पाण्यावाचून मरणार नाही, असं मी परत आल्यापासून सगळ्यांना सांगत होते. न विचारणाऱ्यांनाही.

एकदा मी गटासमोर याचं प्रेझेंटेशनच केलं. दामलेकाकांच्या हॉलमध्ये, त्यांच्याच टीव्हीवर. काका खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. तयार मालातली खोट शोधणं हे त्यांचं आयुष्यभराचं काम, आणि निवृत्तीनंतर माल मिळेना म्हणून ते आमच्यात आले. मी मातीची धूप दाखवली, पाण्याचा हिशेब मांडला, शेवटी गाडीचा फोटो लावला. बोलता बोलता माझा आवाजही जरा भरून आला.

काकांनी चष्मा वर केला. "सगळं उत्तम आहे गं. पण दारं कापडाची का? ही गाडी कुणी बनवली, मंडपवाल्यानं?"

*

गाडी मिळाली, तीही फुकट! मुळशीकडे अण्णांचं कृषी पर्यटन केंद्र आहे. त्यांनी हौसेनं एक गाडी घेतली होती आणि ती ताडपत्रीखाली झाकून ठेवली होती. गाडी लगेच आली होती, पण दारं मागाहून परदेशातून मागवावी लागली. त्यांची वाट बघण्यात अण्णांचा एक अख्खा सीझन गेला. त्यामुळे त्यांचा जीव गाडीपेक्षा दारांवर.

"उन्हाळाभर वापरा," अण्णा म्हणाले. "पाऊस सुरू व्हायच्या आत आणून दाखवा. जशी दिली तशी, दारांसकट. असली तर कायमची टेकडीला. नसली तर पुतण्या पर्यटकांना चकरा मारायला मागतोच आहे."

मी तिथल्या तिथं शब्द दिला. परत येताना काका एवढंच म्हणाले, "गोष्ट वापरायची आणि जशीच्या तशी परत करायची. कॅनडात हे शिकवतात का?"

*

आता अडचण अशी, की या गाडीला नंबर नसतो. ती डोंगरावर चालते, रस्त्यावर चालवायची नाही. टेकडीवर राखण नाही, म्हणजे ठेवायची शहरात आणि दर वेळी टेकडीच्या पायथ्यापर्यंत दुसऱ्या गाडीमागं ओढत न्यायची. आपल्याकडे त्याला एकच शब्द आहे, टोचन. आमच्या गटातला संपत पलीकडच्या गावातला. त्याच्याकडे पिकअप होता आणि मळणी यंत्र वाहायला बनवून घेतलेला दोन चाकांचा ट्रेलरही होता.

पहिल्याच दिवशी संपतनं गाडी ट्रेलरवर उलटी चढवली. तोंड मागं, पाठ पुढं.

"अरे, उलटी का?"

"ताई, उतरवताना सरळ उतरती. डोकं लावलंय."

डोकं बरोबर होतं, वारा चुकीचा होता. या दारांच्या बिजागऱ्या गाडीच्या पुढच्या बाजूला असतात. गाडी उलटी ठेवली की वारा दाराच्या मोकळ्या कडेत शिरतो. बायपासला लागलो आणि दोन्ही दारं फाडकन उघडली. हत्तीच्या कानांसारखी!

मग सुरू झालं पुणे. स्कूटरचा साइड स्टँड खाली राहिला तर माणसाला दोन किलोमीटर पाठलाग करून सांगणारं हे शहर. इथं तर दोन अख्खी दारं उघडी! दर मिनिटाला एक दुचाकी शेजारी येऊन ओरडत होती, "ओ, दार! दार!" एका कुटुंबानं, मांडीवरच्या बाळासकट, आम्हाला हात करून सांगितलं.

सिग्नलला एक आजोबा खिडकीपाशी आले. "अहो, दार उघडं आहे तुमचं."

"हो आजोबा, माहीत आहे."

"माहीत आहे?" त्यांनी माझ्याकडे नीट बघून घेतलं. "मग असू दे. मला वाटलं चुकून राहिलंय."

*

त्या वाऱ्यात एका दाराची झिप गेली होती. स्वारगेटजवळ सलीमभाईंचं सीट कव्हर आणि ताडपत्रीचं दुकान. आजोबांपासून चालत आलेलं. भाई आमच्या गटातले चौथे. आपल्या हातासारखा हात पुण्यात नाही हे ते दिवसातून एकदा तरी सांगतात. कुणी नसलं तर मशीनला सांगतात.

त्यांनी दाराचं कापड चिमटीत धरलं, झटकलं, हुंगलं.

"परदेशातलं?"

"हो."

"दिसतंच आहे. शिलाई बघा, घाबरत घाबरत घातलीय."

झिप बसली. जुन्यापेक्षा मजबूत बसली. पण घरी नेऊन बघितलं, तर दाराच्या आतल्या बाजूला लाल अक्षरांत दुकानाचं नाव शिवलेलं! खाली फोन नंबर!

मी धावत परत गेले. "भाई, जशी दिली तशी द्यायची आहे हो! अण्णांना कळेल ना!"

"कळू दे की. मधुराताई, काम चोरून केलंय का आपण?"

"पण मूळ गाडीवर ते नव्हतं."

"मूळ गाडीवर झिपही धड नव्हती," भाई म्हणाले आणि पुढच्या गिऱ्हाईकाकडे वळले.

*

यानंतर काकांनी गाडीचं माहितीपुस्तक मागून घेतलं आणि वाचून काढलं. आमच्यात ते वाचणारे तेच पहिले. त्यात स्पष्ट लिहिलं होतं, की ट्रेलरवरून नेताना, गाडी सुलटी असो की उलटी, कापडी दारं काढून ठेवावीत. काकांनी ते वाक्य आम्हाला तीनदा वाचून दाखवलं. प्रत्येक वेळी माझ्याकडे बघून.

दारं काढली. पण ठेवायची कुठं? हौद्यात पाण्याचे कॅन. पिकअपमध्ये आम्ही आणि रोपं. काका म्हणाले, "मी आणतो बसनं." आणि खरोखरच स्वारगेटला दोन दारं दोन काखेत घेऊन वारज्याच्या बसमध्ये चढले.

बस भरलेली. दारं वाकेनात, काका सरकेनात. कंडक्टर मागून ओरडला, "ओ काका, दारात उभे राहू नका!"

काका वळले. त्यांच्याबरोबर दारंही वळली आणि चार प्रवासी खाली वाकले.

"कुठल्या दारात ते सांगा. माझ्याकडे दोन आहेत."

कंडक्टरनं म्हणे पुढच्या स्टॉपपर्यंत तिकिटंच फाडली नाहीत.

*

बसचा अनुभव काकांना मानवला नाही. पुढच्या वेळी त्यांनी स्वतःच्याच नियमाला बगल दिली. दारं गाडीलाच राहतील, मात्र काका आत बसून ती दोन्ही हातांनी धरून ठेवतील. आणि आत बसायचं तर माहितीपुस्तकाप्रमाणे पट्टा आणि हेल्मेट हवंच! काकांनी जावयाचं हेल्मेट आणलं. चाळीस वर्षांच्या दुचाकीच्या कारकिर्दीत ज्या डोक्याला हेल्मेट शिवलं नव्हतं, ते डोकं ट्रेलरवर हेल्मेटमध्ये गेलं.

चौकात हवालदारांनी हात दाखवला.

"ही काय भानगड?"

"टोचन हाय सायेब," संपत म्हणाला.

"बंद पडलीय?"

"न्हाई, चालू हाय की."

"मग टोचन कशाला?"

"रस्त्यावर चालत न्हाई ना!"

हवालदार मागं गेले. प्लास्टिकच्या खिडकीतून त्यांना एक हेल्मेट दिसलं. आत दामलेकाका. हात दोन्ही बाजूंना ताणलेले, पट्टा आवळलेला. हवालदारांनी हळूच झिप खाली ओढली.

"आजोबा, हे काय?"

"नियम आहे," काका म्हणाले.

चौक थांबला होता. हवालदारांनी पावतीपुस्तक काढलं आणि पुन्हा खिशात ठेवलं. "ट्रेलरवर माणूस बसवल्याबद्दल पावती फाडायला पाहिजे. पण पुण्यात आपणहून हेल्मेट घातलेल्या माणसाला पहिली पावती मी फाडायची? उतरा. रिक्षानं जा."

त्या दिवसापासून काका स्कूटरवरही हेल्मेट घालतात. सोसायटीतले दोघं त्यांच्याशी बोलेनासे झाले आहेत.

*

एप्रिलच्या एका दुपारी गाडी सलीमभाईंकडे होती. दुसऱ्या दाराची झिप. भाईंना ती "बघवत नव्हती". संपत पिकअप घेऊन आला होता, काका सूचना द्यायला आले होते. फोन आला, टेकडीवर गवत पेटलंय. वारा वरच्या उताराकडे होता आणि तिथं आमच्या बहाव्यांनी नुकती कमरेएवढी उंची गाठली होती. याच उन्हाळ्यात त्यांच्यासाठी आम्ही पाणी वर नेलं होतं. खाली भरून ठेवलेली टाकी होती. ती वर नेणारी गाडी स्वारगेटला होती!

दारं काढायला वेळ नव्हता. मी काकांकडे बघितलं. काका म्हणाले, "राहू देत दारं. चला!"

एवढ्यावर भाई कसले ऐकतात! त्यांनी नायलॉनच्या पट्ट्यांचा अख्खा गठ्ठा आणला आणि गाडीला वरून, खालून, आडवे, उभे वेढे दिले. टेम्पोत गणपती बांधतात तशी गाडी बांधली. "आता वारा येऊ दे नाहीतर वादळ," ते म्हणाले आणि पिकअपमध्ये चढले.

खरंच, वारज्यापर्यंत दारांनी हूं की चूं केलं नाही. एकाही दुचाकीवाल्याला सांगायला काही सापडलं नाही.

पायथ्याशी आलो. वर धूर. आणि गाडीत शिरता येईना! गाठी अशा, की खुद्द भाईंनाही सुटेनात.

"कापा!" मी ओरडले.

"दाराला लागेल!" भाई ओरडले.

"आग तिकडं लागलीया आन् आपण हितं गाठी सोडतोय!" संपत म्हणाला.

शेवटी मी खिडकीची झिप उघडली आणि डोक्याकडून आत घुसले. पाय बराच वेळ बाहेरच होते. कॅनडात मला ही गाडी चालवण्याचं प्रमाणपत्र मिळालं होतं, तेव्हा ही पद्धत शिकवली नव्हती. तशीच बांधलेल्या दारांची गाडी खाली उतरवली, तिघांनी हौद्यात टाकी चढवली आणि हौदा जाळाकडे राहावा म्हणून मी गाडी उलटी घेत घेत जाळापर्यंत नेली. तिघं धावत मागून आले. संपतनं पाणी मारलं, काकांनी आणि भाईंनी ओल्या गोणपाटांनी जाळ बडवला. खालचा उतार काळा झाला. वरचे बहावे वाचले. चार सोडून सगळे!

मी तिथंच दगडावर बसले आणि रडले. काकांनी पाण्याची बाटली दिली. भाई गाडीभोवती फिरत होते.

"झिपला धक्का नाही!" ते तिकडून ओरडले.

*

मृगाच्या आधी गाडी परत दाखवायचा दिवस आला. आदल्या दिवशी आम्ही चौघांनी दारं धुतली. भाईंनी शिवण नि शिवण तपासली, काकांनी झिपला मेण लावलं, मी प्लास्टिकच्या खिडक्या जुन्या मऊ साडीनं पुसल्या. दारं चादरीत गुंडाळून मांडीवर घेऊन गेलो. काका स्कूटरवर ट्रेलरच्या मागं. अण्णांच्या फाटकाबाहेर थांबून, ट्रेलरवरच, दारं बसवली. नवी नवरी झाली गाडी!

अण्णा आले. ट्रेलरभोवती न फिरता सरळ दारापाशी गेले. उघडलं, लावलं. झिप वर, झिप खाली. आतली लाल अक्षरं वाचली.

"हे कोण?"

"मी," भाई म्हणाले. छाती जरा पुढं आली होती.

अण्णांनी मान हलवली. दुसरं दार बघितलं. मग ते मागं गेले आणि थांबले.

"हे काय आहे?"

आम्ही चौघंही मागं गेलो. हौद्याची मागची बाजू वितळून मेणबत्तीसारखी ओघळली होती. मागचा दिवा म्हणजे लाल गोळा झाला होता. त्याच्या खाली भोक पडलं होतं. खरं सांगते, दोन महिने आम्ही रोज ते बघत होतो. दिसलं आम्हाला त्या क्षणी.

"वणवा," काका हळू आवाजात म्हणाले.

"जशी दिली तशी म्हणालो होतो मी," अण्णा म्हणाले.

माझ्या डोळ्यांसमोर पर्यटक चकरा मारायला लागले. मग सलीमभाईंनी घसा साफ केला.

"अण्णा, दारं बघा ना!"

अण्णांनी भाईंकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. वितळलेल्या हौद्यावरून हात फिरवला, बोटाला लागलेली काजळी धोतराला पुसली. संपत ट्रेलरच्या फळ्या लावायला पुढं झाला, गाडी उतरवायची म्हणून.

"उतरवू नकोस," अण्णा म्हणाले. "परत टेकडीवर न्यायची तर उतरवायची कशाला?"

एवढं बोलून ते ट्रेलरच्या चाकावर पाय देऊन वर चढले, गाडीत बसले, दार लावलं आणि झिप ओढून घेतली. आतून आवाज आला, "चला. काय वाचलंय ते दाखवा."

स्कूटरकडे निघालेले काका वळले. डोक्यावरचं हेल्मेट काढलं, खिडकीची झिप वीतभर खाली ओढली आणि ते आत दिलं.